आसनावरचा फोटो

आमच्या वऱ्हाडातल्या पुष्कळ गावांत दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थना होते. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिची मांडणी आधी सांगते, कारण पुढचे सारे त्या मांडणीवरच उभे आहे. समोर एक लाकडी चौरंग असतो. त्यावर धुतलेली पांढरी चादर आणि मागे लोड. चौरंगावर मूर्ती नसते, तसबीर नसते. आमच्या गावी तर फूलही ठेवत नसत. एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बाया सरळ रांगांत मांडी घालून बसतात. प्रार्थना म्हणण्याआधी काही वेळ सगळे डोळे मिटून गप्प राहतात. आसन मांडलेले असते आणि त्यावर कोणी नसते. त्या जागी जो बसायचा, त्याला ज्याने त्याने आपल्या आत ओळखावे, एवढाच त्या रिकाम्या जागेचा अर्थ.

आमचे वडील धामणगाव रेल्वेजवळच्या आमच्या खेड्यात भाजीपाला आणि झेंडू पिकवीत. त्यांना ही रीत खटके. "साऱ्या देवायले आपली फुलं चालतात, या एकट्याच्याच आसनावर काहून नाई?" असे ते म्हणत. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणत असे, त्यांना समजावी, "बाबा, फूल ठेवलं का माणूस फुलाकडंच पाह्यते."

मला रांगेत बसायला दादानेच शिकवले. मी डोळे मिटत असे आणि लगेच किलकिले करून पाहत असे. एकदा त्याने मला पकडले तेव्हा मी म्हणाले, आत काळोख आहे, त्यात पाहायचे तरी काय?

"पाह्यचं नाई वं. समजते," तो म्हणाला. "हे पाह्य, तू शायेतून घरी येते. दार लोटते. माय दिसत नाई, तिचा आवाज नाई. तरी तुले समजते का नाई, माय घरात हाय म्हणून?"

"समजते."

"कसं समजते?"

मला सांगता आले नाही. खरोखरच समजत असे. आई मागच्या अंगणात असली तर घर एका प्रकारचे वाटे आणि ती शेतात गेलेली असली तर दुसऱ्या प्रकारचे.

"तसंच," दादा म्हणाला.

त्याला तो 'आतला' म्हणत असे. देव हा शब्द तो क्वचितच वापरी. प्रार्थना आटोपून आम्ही सतरंजी गुंडाळू लागलो की तो हळूच विचारी, "होता?" आणि मी सांगत असे, "नाही." तो कधी रागावला नाही. "नाई त नाई. बस फक्त," एवढेच म्हणे. पुढे मी शिक्षिका झाले, अमरावतीच्या शाळेत गणित शिकवले, तेथेच संसार केला. दादा पाटबंधारे खात्याच्या कचेरीत लागला आणि अकोल्याला स्थायिक झाला. तेथे त्याने आपल्या गल्लीत प्रार्थना सुरू केली. माहेरपणाला गेले की मीही त्या रांगेत बसत असे. त्याचा प्रश्न तोच आणि माझे उत्तरही तेच. वयाने मोठी झाल्यावर त्याचे मन राखण्यासाठी होकार देणे सोपे होते. पण फळ्यावर चुकीचे उत्तर लिहायला जसा माझा हात उचलत नसे, तशी येथे जीभ उचलत नसे.

दादाचे मूत्रपिंड निकामी झाले तेव्हा मी सेवानिवृत्त झालेली होते, म्हणून सवड होती. आठवड्यातल्या ठरलेल्या वारी त्याला डायलिसिससाठी दवाखान्यात न्यावे लागे. मी अमरावतीहून सकाळची एसटी धरी, मूर्तिजापूर मागे पडले की वहिनींना फोन करी, आणि थेट दवाखान्यात जाई. पहिल्या काही आठवड्यांतच मला कळून चुकले की या आजारात मशीनपेक्षा पाणी कठीण असते. शरीरातले पाणी बाहेर पडत नसल्यामुळे दिवसभरात प्यायचे पाणी मोजके असते. वहिनी सकाळीच एका बाटलीत ते भरून ठेवीत आणि दादा त्यातून फुलपात्रात ओतून घोट घोट घेई. अकोल्याचा वैशाख ज्याने काढला आहे त्याला या वाक्याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. कूलरसमोर बसूनही ओठ तडकत. दादा ओला रुमाल ओठांवर ठेवून बसे आणि रुमाल चोखण्याचा मोह होऊ नये म्हणून तोंड घट्ट मिटून घेई.

अशाच एका दुपारी वहिनी आतल्या खोलीत पडल्या होत्या. दादाने रुमाल बाजूला केला.

"एक सांगतो. तुह्या वहिनीजोळ बोलू नको."

"सांग."

"आतला नाई राह्यला."

मी कूलर हळू केला. नीट ऐकू आले नाही असे मला वाटावे, अशी माझीच इच्छा असावी.

"पह्यले वाटलं, थकलो म्हणून नाई समजत. आता डोये मिटले का तहान दिसते. त्याच्या जागी बसली हाय. पाय पसरून."

"दादा, ढग आले म्हणून सूर्य..." मी सुरुवात केली.

"शायेतलं उदाहरण नको देऊ. मी का सातवीत हाय?"

तो थोडा हसला, मग हसताना ओठ दुखले म्हणून थांबला.

"गेला त गेला. त्याचं मी काई म्हणत नाई. मले एकच समजलं पायजे. इतके वर्षं तो होता, का मीच होतो? धडधाकट माणसाले संध्याकाळी डोये मिटल्यावर बरं वाटते, तेवढंच होतं का? तेवढंच असन, त साऱ्या गल्लीले मी कायच्यासमोर बसवलं?"

या प्रश्नावर मी परतीच्या एसटीत पुष्कळ विचार केला. बाहेरच्या वस्तूचे बरे असते. एकाला ती दिसली नाही तर दुसऱ्याला विचारता येते. आतल्या वस्तूला दुसरा साक्षीदार नसतो. ज्याला ती जाणवते तोच वादी आणि तोच साक्षी. दादा आता आपल्याच साक्षीवर विश्वास ठेवायला तयार नव्हता, आणि माझी साक्ष तर जन्मभर नकाराची होती. मृत्यूची भीती त्याला होती असे मला वाटत नाही. ज्या एका गोष्टीवर त्याने आयुष्याच्या सगळ्या संध्याकाळी खर्च केल्या, ती कधी नव्हतीच, हे मनात घेऊन जाण्याची त्याला भीती होती. आणि जायचे आहे, हे डॉक्टरांच्या बोलण्यावरून आम्हा तिघांनाही समजले होते.

तो प्रार्थनेला जाऊ शकेनासा झाला तेव्हापासून गल्लीतल्या एक काकू प्रार्थना चालवीत असत. त्या बायांच्या रांगेत पहिल्या बसत आणि त्यांचा आवाज खणखणीत होता. त्यांनी एके दिवशी प्रार्थनेचे चित्रण गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. दादा तेव्हा दवाखान्यात मशीनला लागलेला होता. त्याचा एक हात अडकलेला, म्हणून फोन मी धरला होता. रांगा दिसल्या, खंजिरी दिसली, मग आसन दिसले. आसनावर लोडाला टेकवून दादाचा फोटो ठेवला होता. सेवानिवृत्तीच्या समारंभातला. त्याच्या काचेवर कुंकू लावले होते. त्याला आराम पडावा म्हणून त्यांनी तो बसवला होता, असे खाली लिहिले होते.

दादाने फोन जवळ धरायला सांगितला.

"मले बसवलं," तो म्हणाला. "आन् फोटोबी कोणता निवडला? त्यातला कोट उसना होता."

मी हसले. तो हसला नाही.

"उद्या सांजच्याले मले तठी ने."

वहिनींनी विरोध केला. "उभं राहता येते का तुमाले? चक्कर येऊन पडसान. मी मांगून आणतो ना फोटो."

"तुले देनार नाई थे."

"काहून नाई देनार?"

"तू पाह्यजो," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मशीनचा वार नव्हता. मंडप गल्लीच्या टोकाशीच होता, तरी ऊन उतरल्यावर आम्ही त्याला ऑटोतून नेले. प्रार्थनेच्या मंडपाची फरशी अजून तापलेली होती. बाया सतरंजीवर पाणी शिंपडून मग बसत होत्या. दादासाठी प्लास्टिकची खुर्ची पुरुषांच्या रांगेच्या कडेला ठेवली. त्याला पाहून काकूंचे डोळे भरून आले.

"या भाऊ. पाह्यलं, प्रार्थना लागू झाली का नाई?"

"लागू नाई झाली, बाई. तो फोटो काढा."

काकूंनी पदर नीट केला. "तसं नका म्हणू भाऊ. जित्या माणसाचा फोटो आसनावर ठेवला, आता तो उचलाचा म्हंजे..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. पुरे करण्याची गरजही नव्हती. आजारी माणसाच्या नावाने वर ठेवलेली वस्तू खाली घेणे म्हणजे त्या माणसालाच खाली घेणे, हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला समजत होते. प्रेमाने केलेली चूक अशी बसली होती की आता ती दुरुस्त करायला कोणाचा हात पुढे येत नव्हता. "मी नाई हात लावत. मायी जीभ झडन," काकू म्हणाल्या.

मागून एक गृहस्थ बोलले, "भाऊ, तुमी बरे झाले का मंग काढू ना."

"आन् नाई झालो त?"

वहिनी रस्त्याकडे पाहत उभ्या होत्या.

मग काकूच म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात थोडा राग होता, "भाऊ, तुमी होते तवा आमाले रिकामं आसन चालत होतं. तुमी समोर बसत, आमी तुमाले पाहून डोये मिटत होतो. आता तुमीबी नाई आन् आसनावरबी कोणी नाई. माणसानं पाहाव कुठी?"

मी आयुष्यभर वर्गात प्रश्न ऐकले आहेत. हा प्रश्न योग्य होता. दादाने तो टाळला नाही.

"बाई, मलेबी आता समजत नाई कुठी पाहाव," तो म्हणाला. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतका आवाज त्याच्यात उरला नव्हता, पण सगळ्यांनी ऐकले. "खरं सांगतो. आत पाह्यतो त रिकामं. आन् समोर पाह्यलं, त मीच. उसना कोट घालून. आता तुमीच सांगा, मी जाऊ कुठी?"

दादाने माझ्याकडे पाहिले. "तू काढ वं."

मी उठले. सख्ख्या बहिणीने उचलला तर दोष बहिणीवर येईल, म्हणून त्याने मला सांगितले असावे. किंवा मी शकुन-अपशकुन मानत नाही हे त्याला ठाऊक होते म्हणूनही असेल. परंतु मानत नाही असे म्हणणे आणि भावाचा हसरा चेहरा स्वतःच्या हाताने आसनावरून खाली घेणे, यांत अंतर आहे. ते मला तेव्हा कळले. काच कोमट होती. कुंकू बोटांना लागले. मी फोटो घेऊन बायांच्या रांगेच्या टोकाला, दादाच्या खुर्चीजवळ बसले. तो कोठे ठेवावा हे सुचेना, म्हणून मांडीवर ठेवला, चेहरा माझ्याकडे करून.

आसन पुन्हा मोकळे झाले. सगळ्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर जे झाले ते मी शक्य तितके अचूक सांगते. अधिक रंगवले तर ते खोटे होईल. मला दादाचा श्वास ऐकू येत होता. दूर कोठेतरी कुकरची शिट्टी झाली. एक मोटारसायकल गेली. काळोख नेहमीसारखाच काळोख होता. आणि मग, कोणत्याही क्षणी सुरू न होता, मला समजले की घर रिकामे नाही. प्रकाश नाही, शब्द नाही, अंगावर काटा नाही. शाळेतून येऊन दार लोटावे, आई दिसू नये, आवाज नसावा, आणि तरी घरात कोणी आहे हे कळावे, तसे.

सवयीने मी ताळा करून पाहिला. हा दादाच्या श्वासाचा भास आहे का? तो श्वास उजवीकडे होता, बाहेर. हे माझे दुःख आहे का? दुःखही होते, पण ते वेगळे, फळीवर ठेवलेल्या भांड्यासारखे, त्याच्या जागी. ही आईची आठवण आहे का? आठवणीला चेहरा असतो. याला नव्हता. आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. मला त्यातून दिलासा मिळाला नाही. दादा वाचेल असे त्याने सुचवले नाही, आणि दादा जाईल याचे त्याला काही वाटत होते असेही जाणवले नाही. तो फक्त होता.

प्रार्थना म्हणून झाली. दादाला उचलून ऑटोत बसवले. वहिनी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, फोटो माझ्या पिशवीत. ऑटो सुरू झाल्यावर दादाने डोळे मिटलेलेच ठेवून, जुन्या सवयीने विचारले, "होता?"

माझ्यापुढे दोन उत्तरे होती आणि दोन्ही त्याला लागणारी होती. नाही म्हटले तर त्याचा प्रश्न त्याच्याबरोबर जाणार. हो म्हटले तर, ज्याने मला त्या दारापर्यंत नेले त्याच्यासाठीच ते दार बंद झाले, हे मला त्याला सांगावे लागणार. शेवटी जे खरे तेच सांगायचे, याखेरीज मला दुसरी रीत येत नव्हती.

"होता."

त्याने मान वळवली. उत्तर बरोबर आहे पण रीत लिहिलेली नाही अशा गणिताकडे मी जशी पाहत असे, तसा तो माझ्याकडे पाहत राहिला.

"कसा?"

"शाळेतून आल्यावर दार लोटतो, तसा."

वहिनी बाहेर पाहत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

"माह्याइथं नाई आला," तो म्हणाला.

"दादा..."

"ऐक. इतके वर्षं तू नाई म्हणत आली. मले खुश कराले एकदा जरी व्हय म्हणली असती, त आज तुह्या व्हयले काई किंमत नसती." मग थोड्या वेळाने, बहुधा स्वतःशीच, "मंग आत नुसता मीच नव्हतो. कोणी होता." आणि लगेच, "पाणी दे वं."

वहिनींनी बाटलीच्या झाकणात पाणी ओतून दिले. त्या दिवसाचे तेवढेच उरले होते.

त्याला पुन्हा काही जाणवले असे मला म्हणता येत नाही. त्यानंतर मी दर खेपेला त्याच्या खाटेजवळ बसून डोळे मिटत असे, आणि उठताना मीच विचारत असे, "होता?" तो सांगे, "नाई." मी पूर्वी जसे सांगत असे तसेच, सरळ आणि न लाजता. तो माझे मन राखणार नाही हे मला माहीत होते. तहान वाढत गेली. शेवटी मशीनची नळी जोडायच्या हाताच्या शिरेनेही साथ दिली नाही, तेव्हा डॉक्टरांनी वहिनींना बाजूला बोलावले आणि आता त्यांना हवे तेवढे पाणी द्या असे सांगितले. याचा अर्थ दादाला विचारावा लागला नाही. त्याने फुलपात्र हातात घेतले, पण घोट उतरेना. वहिनींनी कापसाच्या बोळ्याने ओठ भिजवले.

"होता?" मी विचारले.

"नाई," तो म्हणाला. "तू बस."

मी बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

तेरवी झाली त्या संध्याकाळी मी मंडपात गेले. काकूंनी चौरंग पुसून घेतला होता आणि नवीन चादर आणली होती. मला पाहून त्या जवळ आल्या.

"इचारून घेतो. आज एक दिवस ठेवाचा का फोटो?"

"नको, काकू."

"नाईच ठेवत होतो," त्या म्हणाल्या. "पण उद्या कोणी म्हणू नये का, इचारलंबी नाई." त्यांनी चादरीची सुरकुती हाताने सारखी केली आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. पुरुषांच्या रांगेच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची कोणीतरी सवयीने ठेवली होती. ती कोणी उचलली नाही.

मी रांगेच्या टोकाला बसले आणि डोळे मिटले. कुकरची शिट्टी झाली. उजव्या बाजूला श्वास ऐकू येत नव्हता. मी दार लोटले आणि पुष्कळ वेळ उंबऱ्यावर उभी राहिले. त्या संध्याकाळी घरात कोणी नव्हते. प्रार्थना संपली, बाया सतरंजी गुंडाळू लागल्या, आणि माझ्या ओठांवर "नाही" तयार होते. पण मला कोणी काही विचारले नाही.